पुलाच्या धक्क्यावर गाडी नव्हती

डोरीन नदीला घाबरते हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तिचं पोट मात्र नदीवरच चालत होतं. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. अंधाराला घाबरणारा माणूस दिवे विकतोच की.

तिचं काम सोपं होतं. ट्राउट मासे धरायला आलेली माणसं सकाळी वरच्या धक्क्यावर होडी पाण्यात सोडतात आणि दिवसभर पिसांच्या खोट्या माश्या फेकत प्रवाहाबरोबर खाली जातात. नदी काही त्यांना परत वर आणून सोडत नाही. तेव्हा त्यांची गाडी, मागच्या रिकाम्या ट्रेलरसकट, कुणीतरी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवावी लागते. ते कुणीतरी म्हणजे डोरीन. गाडीवाल्यानं किल्ली मागच्या डाव्या चाकावर ठेवायची, डोरीननं गाडी खाली नेऊन किल्ली पुन्हा त्याच चाकावर ठेवायची. तिचा नवरा अर्विन आपल्या निळ्या खटाऱ्यातून मागोमाग यायचा आणि तिला परत न्यायचा. किल्ली कुठे असते हे चोरांनाही माहीत होतं, पण आमच्याकडे चोरांच्या गाड्याही डोरीनच न्यायची.

एवढ्या वर्षांत ती एकदाही होडीत बसली नाही. धक्क्याच्या उतारावर पाणी चाकाला लागायच्या आत तिचा ब्रेक लागलेला असे. होड्या चालवणारी पोरं तिची टर उडवायची.

"डोरीन, आंघोळ तरी करतेस का गं? की बादलीलाही घाबरतेस?"

"बादलीचा तळ दिसतो," ती म्हणायची.

संध्याकाळी मात्र ती सगळ्या धक्क्यांवरून एक फेरी मारायची. ज्याची त्याची गाडी हलली का, ते बघायला. शेवटची गाडी गेली नाही तोवर तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"अगं, बिअर पीत बसले असतील कुठेतरी काठावर," अर्विन करवादायचा. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

"बसू देत ना. कोरड्यावर बसलेत एवढं बघते आणि येते."

ही भीती कुठून आली ते तिनं एकट्या अर्विनला सांगितलं होतं, तेही लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर. लहानपणी तिच्या बापाची एक कालवड वसंताच्या पुरात वाहून गेली आणि पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांत अडकली. बुडाली नाही. उभीच राहिली. पाणी तिच्या पाठीवरून जात होतं, मान तेवढी वर, डोळे उघडे, आणि ती काठावरच्या पोरीकडे बघत होती. कुणालाच तिच्यापर्यंत जाता येईना. बापानं डोरीनला घरात जा म्हणून सांगितलं, पण तिचे पाय हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत ती कालवड तिच्याकडे बघत होती.

आता आमच्या वसंताबद्दल. लोक म्हणतात वसंत म्हणजे फुलं. आमच्याकडे वसंत म्हणजे शर्यत. वरच्या तलावांवरचं बर्फ तडकतं, काठाशी निळं पाणी मोकळं होतं, उपाशी ट्राउट तिथे गर्दी करतात. खाली नदी अजून हिरवी, नितळ असते. मे महिन्यात, साधारण आईच्या दिवसाच्या, म्हणजे मदर्स डेच्या सुमारास, माशीएवढी करडी पाखरं पाण्यातून असे थवेच्या थवे उठतात की तोंड उघडून हसायची सोय राहत नाही. ट्राउट वेडे होतात, आणि त्यांच्यामागे माणसंही. पण डोंगरावरचं बर्फही त्याच सुमाराला सुटायला टपलेलं असतं. रात्री गोठलं तर ते जागेवर थांबतं. एखादी रात्र उबदार गेली की दुसऱ्या दिवशी दुपारपासून नदी चढायला लागते, गढूळ होते, आणि मग पार जूनअखेरपर्यंत तिच्याकडे बघायचं काम नाही.

डोरीनचं हवामानखातं म्हणजे अंगणातलं कुत्र्याचं भांडं. सकाळी त्यातल्या पाण्यावर बर्फाची साय असली की ती कॉफी ओतायला घ्यायची. नसली की कॉफीच्या आधी फोन घ्यायची आणि ज्याला त्याला सांगत सुटायची, "आज लवकर बाहेर पडा रे, पाणी चढणार."

त्या रविवारी, आईच्या दिवशी, भांड्यात बर्फ नव्हतं. कुत्रं लपलप पाणी पीत होतं आणि डोरीननं कॉफीच्या आधी फोन हातात घेतला होता.

त्यात त्याच आठवड्यात वाऱ्यानं एक जुनं पॉपलरचं झाड नदीत आडवं पाडलं होतं. पुलाचा धक्का आणि त्याखालचा गुरांचा धक्का यांच्या मध्ये नदी कोपरासारखी वळते, तिथे. अशा झाडाला धबधब्यासारखा आवाज नसतो, की लांबून दिसेल असा फेस नसतो. चहाच्या गाळणीसारखं ते काम करतं. पाणी आरपार जातं, बाकी सगळं आत अडकतं. पाणी कमी असताना त्या वळणावर गोट्यांचा पट्टा उघडा असतो, होडी ओढून नेता येते. पाणी चढलं की पट्टा बुडतो आणि सगळा प्रवाह फांद्यांत घुसतो. तेव्हा खोऱ्यात सगळ्यांचं ठरलं होतं, झाड निघेपर्यंत पुलाच्या धक्क्यावरच उतरायचं. आणि हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा बजावण्यात सर्वांत पुढे कोण होतं ते सांगायला नको.

म्हाताऱ्या गस लिंडालाही तिनं शनिवारी फोनवर बजावलं होतं. "झाड आडवं पडलंय, गस. गाडी पुलावर ठेवते."

"पुलावरच ठेव," गस म्हणाला होता. "मी म्हातारा झालोय, अजून वेडा नाही."

गस हा आमचा जुना पोस्टमन. एके काळी खोऱ्यातल्या प्रत्येक घराचा पत्ता, कुत्र्याच्या नावासकट, त्याच्या तोंडावर असे. आता डोक्यावरचा चष्मा घरभर शोधायचा. हिवाळ्यात त्याची बायको मार्टा गेली, आणि त्यानंतर तर तो फारच हरवल्यासारखा झाला. म्हणून शहरातून त्याची लेक टिल्डा आली होती. आईच्या दिवशी बापलेकीनं मार्टाच्या आवडत्या नदीवर जायचं ठरवलं होतं.

सकाळी वरच्या धक्क्यावर गस होडीत सामान लावत होता, तेवढ्यात टिल्डानं डोरीनला बाजूला घेतलं.

"डोरीन मावशी, तुम्ही बाबांना रोज बघता. खरं सांगा, किती विसरतात?"

"विसरतो की. आम्हीही विसरतो."

"तसं नाही हो. आज सकाळी डबा घेतला का म्हणून सारखं सारखं विचारत होते, आणि डबा त्यांच्याच हातात." टिल्डाचे डोळे भरून आले. "आजचा दिवस बघते. नाहीतर घर विकून त्यांना माझ्याजवळ नेते. तिथे एक बरी जागा आहे, म्हातारी माणसं ठेवतात तशी."

डोरीननं चाकावरची किल्ली उचलली. ती गसच्या जुन्या गाडीत बसली. सीटवर मार्टानं विणलेली गादी होती आणि सगळ्या गाडीत मार्टाच्या पुदिन्याच्या गोळ्यांचा वास होता. नदी पाठीमागे ठेवून कुठल्याशा इमारतीत खिडकीशी बसलेला गस तिच्या डोळ्यांपुढे आला. अशा विचारात तिनं गाडी चालवली, किल्ली चाकावर ठेवली, अर्विनच्या खटाऱ्यात बसली आणि पुढच्या गाडीकडे गेली. आईचा दिवस, पाखरांचा दिवस. गाड्यांची रीघ लागली होती.

दुपारी ऊन चांगलंच तापलं. पेट्रोलपंपावरच्या दुकानात अर्विन केक खात होता आणि डोरीन खिडकीतून डोंगराकडे बघत होती, डोंगर आपलं काही देणं लागतो अशा नजरेनं. तेवढ्यात होड्या चालवणारा कोल्बी कॉफी घ्यायला आत आला.

"काय गं डोरीन, झाड काढलं वाटतं कुणी? मला कुणी बोललं नाही."

"कुठलं काढलंय? आहे तिथेच."

"मग गसची गाडी गुरांच्या धक्क्यावर कशी?"

"चल! पुलावर ठेवलीय मी."

"बाई, आत्ता तिथूनच येतोय. लाल गाडी, मार्टाची गादी. मी काय आंधळा आहे?"

डोरीन हसायला गेली आणि तिचं तोंड तसंच राहिलं. किल्ली चाकावर ठेवताना नाकात शेणाचा वास आला होता. पुलाच्या धक्क्यावर शेण नसतं. गस वर्षानुवर्षं गुरांच्या धक्क्यावरच उतरायचा, आणि तिच्या हातांनी त्याची गाडी जिथे नेहमी न्यायची तिथेच नेली होती.

"अर्विन," ती म्हणाली, "मी ती गुरांच्या धक्क्यावर ठेवली."

अर्विनचा चमचा थांबला. "मला वाटलं होतं... अगं, तू पुलाला वळली नाहीस तेव्हा मला वाटलं होतं. पण म्हटलं, गसनंच सांगितलं असेल. तू कधी चुकतेस?"

आमच्या नदीचा एक अलिखित कायदा आहे. धक्क्यावर आपली गाडी नसेल तर ती पुढच्या धक्क्यावर आहे, आणि आपण पुढे जायचं. फोनला तिथे खोल घळीत रेंज नसते, विचारायचं कुणाला? प्रत्येकजण असंच करतो. डोरीनच्या भरवशावर करतो.

कोल्बीनं दुकानातल्या फोनवरून शहरातल्या बचाववाल्यांना बोलावलं, पण शहर कुठे आणि नदी कुठे. अर्विन आणि डोरीन तोवर निघालेही होते. आयुष्यभर अर्विन तिला म्हणत आला होता, होणार काहीच नाही, उगाच जीव टांगणीला लावतेस. आज तो खटारा दामटत होता. त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"सावकाश जातात ते," ती स्वतःशीच पुटपुटत होती. "थांबत, मासे धरत जातात. जेवायला थांबले असतील. अजून पुलापर्यंत आले नसतील. देवा, आले नसू देत."

पुलाच्या धक्क्यावर एक बाई घडीच्या खुर्चीवर सॅंडविच खात बसली होती. तिच्या मागे नदीचा रंग बदलला होता. सकाळी हिरवी होती, आता दूध घातलेल्या चहासारखी झाली होती, आणि काठावरच्या गवताची टोकं प्रवाहात थरथरत होती.

"हिरवी होडी? म्हातारा आणि मुलगी?" डोरीननं गाडीतूनच विचारलं.

"हो, आत्ताच गेले की! फार गोड माणूस. इथे लागले, गाडी नाही म्हणून इकडेतिकडे बघितलं. लेक म्हणत होती, बाबा, तुम्ही झाडाचं काहीतरी म्हणाला होता ना? तर ते जरा गोंधळले बिचारे. म्हणाले, ते गेल्या वर्षीचं असेल." बाईनं हात पुसले. "म्हणाले, गाडी डोरीननं ठेवलीय. डोरीन डबक्याला घाबरते, ती झाडाच्या पलीकडे गाडी ठेवेल होय? डोरीन चुकत नाही. डोकं माझंच चुकतंय."

आपल्याला लोक भित्री म्हणतात हे डोरीनला ठाऊक होतं. आपल्या भित्रेपणावर कुणी इतका विश्वास ठेवतं, आपल्याच डोक्यातलं खरं पुसून टाकण्याइतका, हे तिला ठाऊक नव्हतं.

"अर्विन, वळणावर चल. कुरणातून."

पुलापासून पुढे नदी लांब वळसा घेते, आणि रस्ता सरळ जातो. तोच एक आधार होता. अर्विननं कुरणाचं फाटक उघडलंच नाही, त्यावर गाडी घातली. खटारा दगडांवरून उडत, आदळत काठाजवळच्या चिखलात रुतला, तिथून पुढे दोघं पळाली. अर्विनचा गुडघा बरा नव्हता, तरी गाडी ओढायचा पट्टा खांद्यावर टाकून तो लंगडत पळत होता. वाळुंजाच्या झुडपांतून बाहेर आल्यावर डोरीनला ते दिसलं.

झाड अख्खं आडवं होतं. नुकती फुटलेली पानं अजून हिरवीगार होती. गोट्यांचा पट्टा पाण्याखाली गेला होता आणि सगळी नदी त्या फांद्यांत शिरत होती, काही न बोलता, नुसता एक दबका सुस्कारा टाकत. एका फांदीत कुणाचा तरी निळा डबा अडकून हेलकावत होता. डोरीननं तिथून नजर काढली, कारण तिला माहीत होतं, आणखी थोडा वेळ बघितलं तर तिथे डोळे उघडे ठेवलेली कालवड दिसेल.

मग वरच्या वळणावर हिरवी होडी आली.

गस वल्ह्यांवर होता. टिल्डा पुढे उभी राहून माशी फेकत होती आणि पाखरांचा करडा ढग दोघांभोवती फिरत होता. ऊन असं पडलं होतं की कुणाला वाटावं, यापेक्षा चांगला दिवस नाही. झाड त्यांना दिसत नव्हतं. वळणामागे दडलं होतं. दिसेपर्यंत उशीर झालेला असणार होता.

डोरीननं दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन हलवले. "गस! काठाला! काठाला ये!"

गसनं टोपी काढली आणि हसून हलवली.

आमच्या नदीवर सगळेच एकमेकांना हात करतात. काठावरच्यानं हात हलवला तर होडीतल्यानं हलवायचा, ही आमची रीत. टिल्डानंही हात हलवला. डोरीन ओरडत होती, नाचत होती, आणि पाण्याच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाही नीट ऐकू येत नव्हतं. गसच्या लेखी काठावर त्याची जुनी मैत्रीण उभी होती आणि आईच्या दिवसाच्या शुभेच्छा देत होती. होडी नदीच्या मधोमध होती आणि प्रवाह तिला पलीकडच्या, झाडाच्या बाजूला ओढत होता.

"मी जातो पाण्यात," अर्विन धापा टाकत म्हणाला.

"तू गेलास तर त्याला वाटेल मासे धरतोयस," ती म्हणाली. "पट्टा दे."

अर्विननं तिच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पट्टा तिच्या कमरेला बांधला, दुसरं टोक वाळुंजाच्या बुंध्याला गुंडाळलं आणि टाचा रोवून बसला.

डोरीन पाण्यात उतरली.

पाणी बर्फच होतं. घोट्यांना लागलं तेव्हा तिच्या तोंडून किंकाळी आली, आणि ती भीतीची होती, थंडीची नव्हती. पायाखालचे गोटे फिरत होते. तळ दिसत नव्हता. गुडघे, मांड्या, मग कंबर. प्रवाहानं तिला बाजूनं असं रेटलं की जणू कुणी हात धरून म्हणत होतं, चल. ती रडत होती. लघवी झाली की काय तेही तिला कळलं नाही. तिनं फक्त तोंड वर ठेवलं आणि गसकडे बघत राहिली, डोळे सताड उघडे ठेवून.

टोपी हलवणारा गसचा हात थांबला.

पत्ते विसरला असेल, डबा विसरला असेल, पण डोरीन पाण्यात कधी जात नाही हे तो विसरला नव्हता. मग टोपी पाण्यात पडली आणि त्यानं दोन्ही वल्ही धरली. होडीचं नाक पलीकडे वळवून तो काठाच्या दिशेनं उलटी वल्ही मारू लागला, म्हाताऱ्या पाठीत होता नव्हता तेवढा जोर काढून. टिल्डा धडपडून खाली बसली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. होडी तिरकी सरकत सरकत आली, झाडाचा शेंडा तिच्या मागे दिसायला लागला, आणि टिल्डानं तो बघितला आणि तोंडावर हात ठेवला. लाकूड गोट्यांवर करकरलं. डोरीननं होडीची कड पकडली ती दोन्ही हातांनी, आणि मग अर्विननं पट्टा ओढला, होडीसकट बायकोला.

चौघं काठावर आली. टिल्डा झाडाकडे बघत उभी होती. अर्विननं आपला कोट डोरीनच्या अंगावर घातला आणि तिचे पाय चोळत बसला. तिचे दात इतके वाजत होते की शब्द तुटत होते.

"गस, मी... माझ्यामुळे..."

"चूक माझी गं," गस म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी तुला गुरांचा धक्का सांगितला असणार. मला वाटलं पूल सांगितला. हल्ली मला... टिल्डा म्हणते ते खरं आहे. पुलापासून इथपर्यंत मी तेच म्हणत होतो. जातो बाबा तिच्याबरोबर. पुढे कुणाचा जीव घ्यायच्या आधी जातो."

डोरीननं त्याचा हात पकडला. तिचा हात निळा पडला होता.

"तू पूलच सांगितला होतास."

गसनं मान वर केली.

"शनिवारी. फोनवर. पुलावरच ठेव म्हणालास. मी विसरले, गस. मी. तुझी गाडी बघितली आणि नेहमीच्या जागी नेली."

"मी पूल म्हणालो?"

"पूल म्हणालास."

"आणि झाडाचं? झाड मी..."

"तेही तुला मीच सांगितलं होतं. यंदाचंच आहे. ते काय समोर."

गस उठला. पाण्याच्या कडेपर्यंत गेला. आम्ही असतो तर त्या झाडाकडे पाठ फिरवली असती. तो मात्र त्याच्याकडे असा बघत होता, जणू हरवलेलं माणूस समोर आलं होतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"टिल्डा," त्यानं हाक मारली. "इकडे ये. बघ ना. झाड आहे."